रोबोसुद्धा स्थानिकच पाहिजे

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.

कंपनीत बोलावले होते. एचआरचा निरंजन गेटपर्यंत घ्यायला आला नाही, पण चहा मोठ्या कपात दिला. म्हणजे गरज त्यांना आहे.

म्हणाला, किशोरभाऊ, पॅकिंगला रोबो येतोय. शाम्पूच्या बाटल्यांची झाकणे उचलून खोक्यात भरेल, खराब झाकण कॅमेऱ्याने ओळखून बाजूला टाकेल. तुमचे काँट्रॅक्ट एकतीस ऑक्टोबरला संपते आहे. त्याआधी तुमची एजन्सी नेमके काय काम करते, याचे छोटे प्रेझेंटेशन द्या, मग रिन्यूअलचे बघू.

मी हसलो. ही कंपनी ज्या तीन एकरांवर उभी आहे ती आमची. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अठरा वर्षांपूर्वी जमीन दिली तेव्हाच ठरले होते की पॅकिंगच्या बायका आमच्यामार्फत जातील. ते कागदावर नाही. कागद परक्यांना लागतो. निरंजन परवा आला लातूरहून, त्याला इतिहास माहीत नाही.

प्रेझेंटेशन अवघड नाही. संध्याकाळी बसतो.

संध्याकाळी ७.

बसलो नाही. मंडळाची आरती होती.

३ सप्टेंबर, बुधवार.

माझी एजन्सी काय करते, यावर विचार केला. रोज सकाळी गेटवर उभे राहणे. बारा बायका मोजणे. मस्टरवर सही घेणे. प्रसंग पडल्यास दम देणे. चार मुद्दे झाले. कोण आली नाही, तिच्या जागी कुणाला उठवायचे, जीप कुठे बंद पडली, कोणाचे कोणाशी वाजले, असली किरकोळ कामे जया बघते.

जया माझी बायको. आपल्या घरच्या बाईने कंपनीत जाणे बरे दिसत नाही, पण आठ वर्षांपूर्वी एकदा एक बाई कमी पडली म्हणून तिला तात्पुरती पाठवली. अजून तात्पुरतीच आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार.

बायकांनी गेटवर गाठले. पुढे गंगूबाई. कंपनीचा पहिला भोंगा वाजला त्या दिवसापासून ही कामावर. बोलणे सरळ. म्हणाली, शेठ, त्ये यंत्र आल्यावर आमी कुटं जायचं त्ये सांगा, म्हंजी आत्तापास्नं बघाया लागू.

मी सांगितले, घाबरू नका. बाराच्या बारा राहणार. एक जरी नाव कमी झाले तर किशोर हे नाव लावणार नाही.

पिंकी म्हणाली, मग कंचं लावनार?

बायका हसल्या. वातावरण हलके झाले. लोकांना धीर देणे ही एक कला आहे. शिकून येत नाही.

जया हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

ठराव: रोबोचा ट्रक गेटवर अडवायचा. आमच्या माणसांशिवाय आजवर इथे खिळा उतरला नाही. आधी बोलणी, मग उतरवणे.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी.

ट्रक आज आला. मुद्दाम आज आणला, यात शंका नाही. मी मिरवणुकीत पुढे होतो. पिरंगुटच्या बाजूने एक लांबलचक कंटेनर आला आणि चौकात अडकला. ढोलपथक थांबले, पोरींच्या दांड्या वर त्या वरच. शेवटी मीच पुढे झालो, दोन दुचाक्या बाजूला काढल्या, हात दाखवून कंटेनर अगदी व्यवस्थित वळवून दिला. ड्रायव्हर परप्रांतीय, पण त्याने हात जोडले.

संध्याकाळी कळले, रोबो त्यातच होता.

तरीही माझा मुद्दा कायम आहे. आमच्या परवानगीशिवाय तो आत गेलेला नाही.

८ सप्टेंबर, सोमवार.

पितृपक्ष लागला. नवीन बोलणी करत नाहीत. निरंजनचे दोन फोन आले. उचलले नाहीत. लातूरला पितृपक्ष पाळत नाहीत की काय?

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी.

टपरीवर बसलो असताना सुचले. इतके सोपे कुणालाच कसे सुचले नाही?

रोबो काम करणार. कुठे? पॅकिंगमध्ये. पॅकिंगचे मनुष्यबळ कोण पुरवते? मी. मग रोबो माझ्यामार्फतच लागला पाहिजे. आठ बायकांचे काम तो एकटा करतो असे निरंजनच म्हणाला. तीन पाळ्या धरल्या तर रोज चोवीस हजेऱ्या. आत्ता माझ्या मस्टरवर बारा नावे आहेत, उद्या बारा अधिक चोवीस. धंदा वाढतो आहे आणि लोक रडत बसले आहेत.

नवीन मस्टर आणले. पहिल्या ओळीत लिहिले: नाव, रोबो. मुक्काम, उरवडे. मूळ गाव, जपान. पंधरा वर्षे इथे राहिला की डोमिसाइल मिळेलच.

तात्यांना दाखवले. तात्या, म्हणजे हैबतराव, एके काळी पंचक्रोशीत त्यांचा दरारा होता. आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलतात. मस्टर उलटे धरून बघितले. म्हणाले, सही कुटं करनार ह्यो?

मी म्हणालो, अंगठा घेता येईल.

म्हणाले, जमीन दिली तवा वाटलं, कंपनी आपल्या पोराला कायतरी शिकवंल. पोरगं अठरा वर्सं गेटाशी उभं ऱ्हाईलं. आरं, त्ये गेट तरी उघडतंय, मिटतंय.

वयामुळे कडवटपणा येतो. मनावर घेतले नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार.

मागणीपत्र दिले. पत्र देणे म्हणजे बोलणी नव्हे. विषय: रोबो स्थानिक कंत्राटदारामार्फत भरण्याबाबत. मराठीत, लेटरहेडवर, खाली शिक्का.

निरंजनने दोनदा वाचले. मग दार लावून आतल्या साहेबांना दाखवायला गेला. आतून हसण्याचा आवाज आला, बराच वेळ. एकंदर प्रसन्न वातावरण. बाहेर येऊन म्हणाला, किशोरभाऊ, आम्ही नक्की विचार करू, पण ते प्रेझेंटेशन तेवढे द्या.

म्हणजे तत्त्वतः मान्य.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

रोबो प्रत्यक्ष बघितला. काचेच्या पिंजऱ्यात एक पिवळा हात, नुसता खांद्यापासून पुढे. ना तोंड, ना पाय. डोक्याच्या जागी एक काळा डोळा खाली बघत लटकतो. याच्यासाठी एवढा गाजावाजा. आमच्या मळ्यातला जेसीबी याला उचलून ओढ्यात टाकेल.

त्याच्यासाठी वेगळा एसी. बायकांना अठरा वर्षांत एक पंखा, तोही भिंतीकडे तोंड करून. बायका त्याला जावई म्हणतात. गार हवेत बसतो, कोणाशी बोलत नाही, आणि बिघडला तरी दोष आपल्याकडे, असे त्यांच्यातली कल्पना म्हणाली.

तो बसवणारी इंजिनिअर गौतमी, अमरावतीची, पंचविशीची असेल. मी ओळख करून दिली, मॅनपॉवर मी बघतो. ती म्हणाली, हो का काका, मग जरा मागे सरकून उभे राहा ना, तुम्ही सेन्सरमध्ये येऊन राहिले.

काका. मी चव्वेचाळीसचा आहे.

तिचे काम बघून हसू येते. चार दिवस गंगूबाईला समोर बसवून खराब झाकणे निवडायला लावली. गंगूबाई झाकणाकडे बघतही नाही. बोट फिरवते आणि टाकते. कडेला केसाएवढी चीर असली तरी तिच्या बोटाला लागते. तिने टाकलेल्या प्रत्येक झाकणाचा कॅमेऱ्याने फोटो काढला, दोन हजारांवर. म्हणजे जपानी यंत्राला अक्कल उरवड्याच्या अंगठाबहाद्दर बाईकडून. मी हे टपरीवर सांगितले, सगळे खूप हसले. यातच यंत्राचा पराभव आहे.

जया हल्ली पाळी सुटल्यावर तासभर मागे थांबते. गौतमीकडून काहीतरी शिकते आहे. घरी येऊन मोबाइलवर त्याच पिवळ्या हाताचे व्हिडिओ बघते. मी अडवत नाही. शत्रूच्या गोटात आपले माणूस असलेले चांगले.

स्वयंपाकाला उशीर होतो, तेवढे सोसले पाहिजे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

आता शुभ काळ. संकल्प केला: काँट्रॅक्टसाठी नऊ दिवस उपवास आणि अनवाणी. देवीसमोर सगळ्यांच्या देखत बोललो, आता माघार नाही. प्रेझेंटेशन आजच सुरू करणार होतो, पण पहिल्या दिवशी भगर बाधते.

२४ सप्टेंबर, बुधवार.

निरंजनचा मेल. प्रेझेंटेशन शुक्रवारी अकराला, शॉप फ्लोअरवर, रोबोशेजारी. पुण्याहून मोठे साहेब येणार. खाली जाड अक्षरात: सेफ्टी शूजशिवाय प्रवेश नाही.

हे मुद्दाम आहे. त्यांना कळले असणार की मी अनवाणी आहे. फोन करून सांगितले, गेस्ट रूममध्ये घ्या, तिथे मी अनवाणी येतो. निरंजन म्हणाला, साहेबांना लाइन चालू असताना बघायची आहे, दसऱ्यानंतर त्यांना वेळ नाही. मी म्हणालो, मग नवस मोडू का? तो म्हणाला, भाऊ, तो तुमचा वैयक्तिक निर्णय आहे.

जमिनीला पाय लावून उभा राहणाऱ्या माणसाला त्याच जमिनीवर बूट घालायला लावतात. हे वाक्य चांगले झाले आहे. भाषणात वापरता येईल.

जयालाही उपवास आहे. पण ती बूट घालून कामावर जाते. विचारले तर म्हणाली, देवीला ठावं हाय म्या कुटं जाते त्ये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी २.

जयाला पाठवले. चारही मुद्दे कागदावर लिहून दिले, चौथा नीट उच्चारायला सांगितला. मी गेटबाहेर निंबाखाली उभा. तळवे भाजले. अकराला गेली ती सव्वाबाराला आली.

विचारले, काय झाले? म्हणाली, तुमचं चार मुद्दे सांगितलं. त्याला दोन मिन्टं लागली. मंग साहेबानं इचारलं, बायकांचं रोजचं कोन बघतं? म्हनलं, मी. मंग इचारलं, ह्यो रोबो अडाकला तर तुमी काय कराल? म्हनलं, दाखवते.

पुढे काय झाले ते तिला नीट सांगता आले नाही. पण सव्वा तास. मोठे साहेब उगाच कोणाला सव्वा तास देत नाहीत. एजन्सीची छाप पडली.

फोन आला नाही. बहुधा सोमवारी येईल.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

कंपनीत यंत्रपूजा. लाइन बंद, सगळेच अनवाणी, त्यामुळे आत जाता आले. पहिला नारळ आमच्या घराचा, हा अठरा वर्षांचा मान. निरंजन म्हणाला, यंदा नारळ बाहेर फोडू, आत पाणी नको. हरकत घेतली नाही. नारळ बाहेर, हळदकुंकू आत, अशी तडजोड केली.

सगळ्या यंत्रांना बोटे ओढली. रोबोशी आलो आणि थांबलो. याचे कपाळ कुठे? पिंजऱ्याला कुंकू लावणे म्हणजे देवाऐवजी देव्हाऱ्याला लावण्यासारखे. हाताला लावावे तर तो हात. वर तो काळा डोळा होता. डोळ्यांच्या वर कपाळ असते, पण याला डोळ्याच्या वर काहीच नाही. मग तेच कपाळ. स्टुलावर चढून ओले कुंकू चांगले दाबून लावले.

जया खालून म्हणाली, अहो, तितं नगं.

पूजेत बायकांनी मध्ये बोलू नये. झेंडूची माळही घातली, मोठी.

गौतमी असती तर आरडाओरडा केला असता. ती दसऱ्याला अमरावतीला गेली आहे. तिकडची माणसे सणाला बरोबर घरी जातात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी १.

ऐतिहासिक दिवस.

आज रोबोची पहिली खरी पाळी. बायकांना कॅन्टीनमध्ये नुसते बसवून ठेवले होते. आठ वाजता बटण दाबले. रोबोने पहिले झाकण उचलले आणि बाद केले. दुसरे बाद. तिसरे बाद. अर्ध्या तासात खराबाच्या पिंपाबाहेर झाकणांचा ढीग, आणि भरायच्या खोक्यात एकही नाही. निरंजनचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मी गेटबाहेर होतो, पण आतल्या बातम्या मिनिटामिनिटाला येत होत्या.

नऊला गंगूबाई आणि मंडळींना पळत बोलावले. हाताने भरायला लागल्या. मालाची गाडी दुपारी सुटायची होती. रोबो दुरुस्त करणारा बंगळुरूचा माणूस सोमवारशिवाय येत नाही म्हणे.

टपरीवर पेढे वाटले. सगळ्यांना सांगितले, ही माती आहे, ती परक्याला मानत नाही. दोघांनी फोनवर शूटिंग केले. निरंजनला मेसेज टाकला: चर्चेस तयार आहे. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर शोधत असेल.

आता अटी वाढवायला हरकत नाही.

संध्याकाळी ६.३०.

दोनला रोबो पुन्हा सुरू झाला. व्यवस्थित चालू आहे.

कळले ते असे. पडद्यावर प्रत्येक झाकणावर लाल डाग दिसत होता. एवढे सगळे साहेब डाग बघून कच्च्या मालाला शिव्या देत बसले. जेवणाच्या सुट्टीत जया पडद्याजवळ गेली, गौतमीला अमरावतीला फोन लावला, यंत्र बंद केले, कोणी मध्येच चालू करू नये म्हणून बटणाला कुलूप लावले, स्टुलावर चढली आणि डोळा पुसला. मऊ फडक्याने, आधी कोरडा, मग कसल्याशा पाण्याने. पाच मिनिटे.

माझ्याच बायकोने.

मी तिला विचारले, देवीने थांबवलेले तू सुरू केलेस? हातात आलेली वेळ पुसून टाकलीस? सोमवारपर्यंत गप्प बसली असतीस तर ते आपल्या पाया पडत आले असते.

जया भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, सोमवारी बंगळुरूचा मानूस आला असता, त्यानंबी त्येच पुसलं असतं. मंग त्यांना वाटलं असतं, यंत्र आनि बंगळुरूचा मानूस, एवढं बास हाय. आज त्यांना दिसलं, हितं पन कुनीतरी लागतंय.

मी म्हणालो, कुंकू कुणाचे होते, ते सांगितलेस का?

म्हणाली, न्हाई. तेवढं म्या ठेवलं पोटात.

बरे झाले. श्रेय घ्यायची ही वेळ नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

गेटवर नवीन खूळ. भिंतीला एक छोटा पडदा, त्यासमोर तोंड करायचे, हजेरी लागते. मी सगळ्यांना आधीच सांगितले, गंगूबाईला हे ओळखणार नाही. डोईवर पदर, कपाळावर गोंदण, तोंडात मिश्री.

पहिल्या झटक्यात ओळखले. वर हिरवा दिवा आणि कुणीतरी बाई इंग्रजीत थँक्यू म्हणाली. गंगूबाई वळून म्हणाली, अठरा वर्सांत शेठ कवा म्हनले न्हाई, ही बया म्हनती.

मीही तोंड केले, चाचणी म्हणून. लाल दिवा. दाढी वाढली आहे, त्यामुळे असेल.

मस्टर घेऊन उभा राहिलो. बायका आधी पडद्यासमोर जातात, मग माझ्याकडे येऊन सही करतात. पिंकी उद्यापासून करणार नाही म्हणाली. तिच्या हाताला वेळ नाही म्हणे.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

मेल आला. इंग्रजीत. शांतपणे तीनदा वाचला.

एक नोव्हेंबरपासून पॅकिंगला पाच ऑपरेटर थेट कंपनीच्या पगारपत्रकावर. जया, पिंकी, कल्पना आणि आणखी दोघी. जया सेल लीडर, म्हणजे पाच जणींची प्रमुख. बाकी सात जणींना काम दिवाळीपर्यंतच. माझ्याबद्दल: प्रदीर्घ सहकार्याबद्दल आभार, काँट्रॅक्ट रिन्यू होणार नाही.

नीट वाचले तर यात घाबरण्यासारखे काही नाही. रिन्यूअल तात्पुरत्या गोष्टीचे करतात. जे कायमचे असते त्याचे रिन्यूअल कशाला? शिवाय प्रदीर्घ हा शब्द कोणी उगाच वापरत नाही. मला वरच्या पातळीवर, सल्लागार म्हणून घेण्याचा विचार दिसतो. कार्ड छापून ठेवतो. किशोर, ऑटोमेशन अँड मॅनपॉवर कन्सल्टंट.

जयाने विचारले, सात जनींचं तुमी साहेबास्नी कायतरी बोलनार का? मी म्हणालो, योग्य वेळी.

ती म्हणाली, म्या बोलले. गौतमी बी बोलली, गंगूबाईसाठी भांडली. तिला म्हनले, तुमचं डिपार्टमेंट न्हाई हे. पंचावनच्या वरची कंपनीत घेत न्हाईत म्हनं.

यंत्राला शिकवायला पंचावन्न चालले. हे मीच लिहितो आहे. जयाला बोललो नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार.

काल सात जणींना कंपनीने मिठाई दिली. काजूकतली. बॉक्स जड होता म्हणे.

मी गेटवर जाणार होतो, पण कार्डांचे प्रूफ तपासायला पौडला जावे लागले. एक वेलांटी चुकली होती. अशा गोष्टी वेळेवर बघाव्या लागतात.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

दरवर्षी पॅकिंगच्या बायका ओवाळायला येतात. शेठ म्हणून नाही, भाऊ म्हणून. मी प्रत्येकीला साडी देतो, एकाच ताग्यातली, म्हणजे वाद नको.

यंदा अंग मोडून आले होते. आत जाऊन पडलो. बाहेर आवाज येत होते. कोण कोण होत्या ते आवाजावरून ओळखत होतो. कामावर राहिलेल्या चौघी आधी आल्या आणि गेल्या. मग बराच वेळ कोणी नाही. मग गंगूबाईचा आवाज. जयाने सांगितले, त्यांना बरं न्हाई, झोपल्यात.

मी खरेच डोळे मिटले होते.

गंगूबाई म्हणाली, ऱ्हाऊ दे, झोपू दे. ताट हितंच ठेवते.

ती गेल्यावर उठलो. ताटात निरांजन अजून तेवत होते. तापाचे थर्मामीटर लावले. सत्त्याण्णव. आतला ताप असेल, तो दिसत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

शेवटचा दिवस असे लोक म्हणतात. मी त्याला संक्रमणाचा दिवस म्हणतो.

सकाळी गेटवर गेलो. वॉचमन आपल्याच भावकीतला. म्हणाला, दादा, व्हिजिटरमधी नाव लिवा, कोनाला भेटायचं त्ये बी लिवा. मी म्हणालो, मी कोणालाच भेटायला आलेलो नाही, मी इथला आहे. म्हणाला, तो रकाना न्हाई.

मग लिहिले. कोणाला भेटायचे: जया. काम: खासगी.

निरंजन बाहेर आला, कार्ड दिले. त्याने दोन्ही बाजूंनी बघितले. मागची बाजू कोरी आहे. म्हणाला, भाऊ, काही लागले तर कळवतो. नंबर कार्डावर आहेच.

नवीन मस्टर कपाटात ठेवले. पहिल्या पानावर रोबोच्या पुढे एकतीस कोरे रकाने.

तात्यांनी आज ओट्यावर सरकून मला बसायला जागा दिली. हे जास्त लागले.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

कन्सल्टन्सीचा चौथा दिवस. मार्केट स्टडी चालू आहे. टपरीवर दोघांनी विचारले, सध्या काय? मी म्हणालो, ऑटोमेशन. आदर दिसला.

जयाची या आठवड्यात दुसरी पाळी, दुपारी दोन ते दहा. जाताना गळ्यात फोटोचे कार्ड. फोटोत ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसते. पाळीतल्या दोघींना रोबोचे काम तीच शिकवते. म्हणाली, परवा रोबो अडाकला तर बंगळुरूच्या मानसानं फोनवर मलाच इचारलं, म्याडम काय दिसतंय.

मॅडम. आमटी गरम करून ठेवायची आहे का, एवढे विचारले. म्हणाली, ठेवली तर बरं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.

गंगूबाई आली. मी आत जाणार होतो, पण तिने ओट्यावरूनच बघितले. अंगाला धुराचा वास.

जयाला भेटायला आली होती. जया पाळीवर. तरी बसली. मग चहा मीच केला. साखर कुठे असते ते तिने बसल्या जागेवरून सांगितले.

ती रागावेल असे वाटले होते. त्यासाठी दोन-तीन वाक्ये तयार होती, बाजार, जागतिक परिस्थिती वगैरे. तिने विषयच काढला नाही. ताम्हिणी घाटात एका धाब्यावर भाकऱ्या थापते आहे. मालक तिच्या माहेरचा. पहाटेच्या जीपने जाते. म्हणाली, हातांनला काम हाय, बरं वाटतं. नुसतं बसलं की बोटं शिवशिवत्यात, उगं पोलपाटाची कड चाचपती मी.

मी म्हणालो, छान. माझेही बरेच काही चालू आहे.

म्हणाली, काय चालू हाय?

मी कार्ड काढले. तिला वाचता येत नाही, हे विसरलो. तिने हातात घेतले, कडेवरून बोट फिरवले आणि परत दिले.

मग ती म्हणाली, शेठ, एक सांगू का. धाब्यावर शनवार-रईवार पुन्याच्या गाड्या लई येत्यात. रस्त्यात उभ्या करत्यात, भांडनं व्हत्यात. गाड्या लावून घ्यायला मानूस पायजे. पयला पळाला. म्या मालकाला म्हनलं हाय, आमच्या गावचा एक हाय, घरंदाज हाय, मानसांना बोलायची सवय हाय. आठला हजर व्हावं लागतंय, तेवढं हाय. बगा, पटलं तर.

मी म्हणालो, मी सध्या जरा गुंतलेलो आहे.

ती म्हणाली, व्हय, दिसतंय की.

चहाची बशी धुऊन पालथी घातली. चप्पल घालताना थांबली. विचारले, शिट्टी वाजवता येती का तुमास्नी?

मी दोन बोटे तोंडात घालून वाजवून दाखवली.

म्हणाली, घाटातल्या वाऱ्यात ऐकू न्हाई यायची. जरा मोठ्यानं.

मी पुन्हा वाजवली.